घरातली गोळी आणि शेतातला पंप

दिवाळी उलटली, मुरबाड-शहापूरकडे भात झोडून झाला आणि त्याच शेतांत भेंडी-काकडी लागली की आमच्या लॅबमध्ये सीरम कोलिनेस्टरेजच्या, म्हणजे रक्तातल्या एका एन्झाइमच्या, टेस्ट वाढायला लागतात. मी ठाण्यात एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये बायोकेमिस्ट्रीला आहे, बरीच वर्षं झाली आता. तालुक्याच्या ठिकाणी पेशंट सांभाळण्यासारखा नसला की तो ठाण्याला हलवतात आणि त्याच्या पाठोपाठ लाल झाकणाची ट्यूब आमच्याकडे येते, फॉर्मवर घाईघाईत 'ओपी पॉयझनिंग?' असं लिहिलेलं. ओपी म्हणजे ऑर्गॅनोफॉस्फरस, कीटकनाशकांचं एक मोठं खानदान. मोनोक्रोटोफॉस, क्लोरपायरीफॉस, प्रोफेनोफॉस, मॅलेथिऑन, सगळे त्यातलेच.

ही टेस्ट करताना मशीनच्या स्क्रीनवर जे दिसतं ते मला कितीही वेळा बघितलं तरी चुकवून जाता येत नाही. आमच्या किटमध्ये पिवळ्या रंगाचं द्रावण असतं, सीरममधलं एन्झाइम त्यातला पदार्थ तोडतं, आणि जसजसं तोडतं तसतसा पिवळा रंग फिका होत जातो. मशीन तो रंग दर काही सेकंदांनी मोजतं आणि ग्राफ काढतं. धडधाकट माणसाच्या सॅम्पलचा ग्राफ सरळ उतरत जातो. विषबाधेचं सॅम्पल असलं तर रेघ आडवीच्या आडवी, रंग तसाच पिवळा. पाच हजारांच्या वर हवा असलेला आकडा तीनशे, चारशे असा येतो, आपण पुन्हा एकदा रन करतो, पुन्हा तेच, आणि मग फोन उचलून वॉर्डला कळवायचं. त्या आडव्या रेघेचा अर्थ असा की कुठेतरी बेडवर एका माणसाचा श्वास त्याच्याच छातीत साठलेल्या पाण्यामुळे अडकलाय.

आणि आमच्या घरी रोज त्या एन्झाइमच्या सख्ख्या भावंडाला अडवायची गोळी दिली जाते.

माझे सासरे, आम्ही सगळे त्यांना बाबा म्हणतो, वागळे इस्टेटमध्ये टर्नर होते. मायक्रोमीटरवर सूत न सूत मोजणारा माणूस. तो तलावपाळीला फिरायला गेला आणि घराचा रस्ता विसरला तेव्हा आम्ही न्यूरोलॉजिस्टकडे गेलो आणि अल्झायमरचं निदान झालं. डॉक्टरांनी आधी ईसीजी काढायला लावला, मग डोनेपेझिल पाच मिलिग्रॅम, महिनाभराने नाडी बघून दहा. ही गोळी नेमकं काय करते तर ॲसिटाइलकोलिनेस्टरेज या एन्झाइमला अडवते. प्रिस्क्रिप्शन हातात घेऊन मी घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकमध्ये रिक्षात बसले होते आणि डोक्यात एकच चाललेलं, की आज सकाळीच मी याच खानदानातला एक रिपोर्ट क्रिटिकल म्हणून कळवलाय.

तर हे एन्झाइम करतं काय ते आधी सांगते, कारण ते कळलं की पुढचं सगळं आपोआप कळतं.

आपली नस स्नायूला थेट चिकटलेली नसते, मध्ये अगदी बारीक फट असते. हात उचलायचा हुकूम आला की नसेच्या टोकातून ॲसिटाइलकोलिन नावाचं रसायन त्या फटीत सुटतं, पलीकडच्या रिसेप्टरवर, म्हणजे ते झेलणाऱ्या खाचेवर, जाऊन बसतं आणि स्नायू आकसतो. इथवर शाळेतही शिकवतात. शिकवत नाहीत ते पुढचं, की हे रसायन तिथेच राहिलं तर काय होईल? कोणीतरी बेल दाबली आणि बोट काढलंच नाही तर दुसरा पाहुणा आलेला कळणार कसा, तसं होईल. म्हणून त्या फटीतच हे एन्झाइम बसलेलं असतं आणि ॲसिटाइलकोलिनचे दोन तुकडे करतं, ॲसिटेट आणि कोलिन. कोलिन परत नसेत ओढलं जातं, त्यातून नवीन ॲसिटाइलकोलिन बनतं. तोडण्याचं काम साधारण एका मिलिसेकंदात उरकतं. या एन्झाइमचा एकेक रेणू सेकंदाला हजारो रेणू तोडतो, निसर्गातल्या सगळ्यात वेगवान एन्झाइमांमध्ये त्याचं नाव घेतात. आता हे मी टाइप करतेय तर माझ्या बोटांतल्या प्रत्येक स्नायूपाशी हे चालू आहे, हृदयाचा वेग कमी करणाऱ्या नसेपाशी चालू आहे, आतड्यात, लाळेच्या ग्रंथीत, डोळ्याच्या बाहुलीत, घामाच्या ग्रंथीत, आणि मेंदूत जिथे लक्ष आणि आठवण तयार होते तिथेही.

१९९१ साली इस्रायलच्या वाइझमन इन्स्टिट्यूटमध्ये जोएल सुसमन, इस्रायल सिलमन आणि त्यांच्या टीमने याचा आकार शोधून काढला, तोही विजेचा झटका देणाऱ्या टॉर्पेडो माशातल्या एन्झाइमवरून, कारण त्या माशाच्या वीज तयार करणाऱ्या अवयवात हे एन्झाइम खच्चून भरलेलं असतं. सगळ्यांना आश्चर्य याचं वाटलं की जिथे तोडण्याचं काम होतं ती जागा वर उघड्यावर नाहीच, एका खोल अरुंद घळीच्या तळाशी आहे. एवढं वेगवान काम आणि एवढी अडचणीची जागा! त्या तळाशी सेरीन नावाचं एक अमिनो ॲसिड आहे आणि सगळी मदार त्याच्यावर. कीटकनाशक जाऊन चिकटतं ते त्या सेरीनलाच.

डोनेपेझिलसुद्धा त्याच घळीत शिरतं, पण ते तिथे अडकून बसतं आणि काही वेळाने सुटून बाहेर येतं, एन्झाइमला कायमची इजा करत नाही. अल्झायमरमध्ये मेंदूच्या तळाकडच्या ॲसिटाइलकोलिन बनवणाऱ्या पेशी मरत जातात, म्हणजे संदेशच क्षीण झालेला असतो. मग तोडणाऱ्याला थोडं थांबवलं तर जो काही संदेश उरलाय तो जरा जास्त वेळ टिकतो. एवढंच. पेशी मरायच्या थांबत नाहीत. डॉक्टरांनी आम्हाला हे पहिल्याच दिवशी सांगितलं आणि मला ते फार बरं वाटलं, खोटी आशा दाखवली नाही. अमेरिकेत १९९६ साली या गोळीला परवानगी मिळाली, त्याआधी १९९३ ला टॅक्रीन आलं होतं पण ते लिव्हरला त्रास द्यायचं म्हणून मागे पडलं.

गोळी सुरू झाल्यावर बाबा रात्री दचकून उठायला लागले. स्वप्नं इतकी खरी पडायची की उठून मला म्हणायचे, "सूनबाई, दार उघड, शिफ्टची बस सुटेल." डॉक्टरांना फोन केला तर म्हणाले हा या गोळीचा माहीत असलेला परिणाम आहे, रात्रीऐवजी सकाळी द्या. सकाळी द्यायला लागलो आणि रात्री शांत झाल्या. मध्ये एकदा खोकला झाला तेव्हा नणंदेने तिच्याकडचं सिरप आणलं, मी बाटली वाचली तर त्यात डायफेनहायड्रामाइन. ते ॲसिटाइलकोलिनलाच रिसेप्टरवर बसू देत नाही, म्हणजे एका हाताने संदेश वाढवायची गोळी द्यायची आणि दुसऱ्या हाताने तोच संदेश अडवायचं सिरप. लघवी सारखी होते म्हणून दिल्या जाणाऱ्या काही गोळ्यांचंही हेच. घरात कोणी डोनेपेझिलवर असेल तर प्रत्येक नव्या डॉक्टरला ते सांगा, आणि ऑपरेशन असेल तर भूल देणाऱ्या डॉक्टरांना नक्की सांगा, कारण स्नायू सैल करायच्या काही इंजेक्शनांचा हिशोब त्याने बदलतो.

फायदा झाला का? थोडा झाला. बाबा पुन्हा पेपर हातात घ्यायला लागले, मथळे मोठ्याने वाचायचे, नातवाचं नाव बरोबर घ्यायचे. काही महिने तसं राहिलं, मग हळूहळू उतार. पण ते काही महिने आमच्यासाठी मोठे होते, ते कुणी 'मर्यादित परिणाम' म्हणून बाजूला ठेवलेलं मला पटत नाही.

या एन्झाइमला अडवून माणूस बरा होतो हे पहिल्यांदा ठळकपणे दाखवलं ते मेरी वॉकर या डॉक्टरबाईंनी, १९३४ साली, लंडनमध्ये ग्रिनिचच्या हॉस्पिटलमध्ये. मायस्थेनिया ग्रॅव्हिस नावाचा आजार असतो, त्यात शरीर स्वतःच्याच ॲसिटाइलकोलिन रिसेप्टरवर हल्ला करतं, सकाळी माणूस ठीक असतो आणि संध्याकाळपर्यंत पापण्या मिटायला लागतात, घास गिळवत नाही. अमिताभ बच्चनना हाच आजार झाला होता, हे त्यांनी स्वतः सांगितलेलं आहे. वॉकरबाईंच्या लक्षात आलं की हे सगळं क्युरारे या स्नायू लुळे पाडणाऱ्या विषाच्या बाधेसारखं दिसतंय, आणि क्युरारेवर फायसोस्टिग्मिनचा उतारा चालतो, मग इथे का नको? त्यांनी इंजेक्शन दिलं आणि तासाभराच्या आत मिटलेली पापणी वर गेली. हे फायसोस्टिग्मिन येतं कॅलाबार बीमधून, पश्चिम आफ्रिकेत आरोपीला ती बी खायला घालून तो दोषी आहे का ते ठरवायचे. म्हणजे मुळात विषच. आज मायस्थेनियाचे पेशंट त्याच जातीची पायरिडोस्टिग्मिनची गोळी दिवसातून चार-पाच वेळा घेऊन नोकरी करतात, लोकलने जातात, मुलं वाढवतात.

आता दुसरी बाजू. ॲसिटाइलकोलिनवरच्या कामासाठी हेन्री डेल आणि ऑटो लोवी यांना १९३६ चं नोबेल मिळालं. डेलने १९१४ मध्येच अंदाज बांधला होता की शरीरात हे रसायन तोडणारं काहीतरी एन्झाइम असणार. आणि त्याच १९३६ च्या डिसेंबरात जर्मनीत गेरहार्ड श्राडर हा केमिस्ट नवीन कीटकनाशक शोधत असताना त्याच्या हातून टाबून हे नसांवर घाला घालणारं जहाल विष तयार झालं, दोन वर्षांनी सारिन. कीड मारायला निघालेलं संशोधन सैन्याकडे गेलं. २० मार्च १९९५ ला टोकियोच्या मेट्रोत जे सोडलं ते सारिन, पाच हजारांहून जास्त लोक त्या दिवशी दवाखान्यांत पोचले. आणि शेतात मारतात ती कमी ताकदीची भावंडं, पण चिकटायची जागा तीच आणि चिकटायची पद्धतही तीच, सेरीनला पक्कं धरायचं, सुटायचं नाव नाही.

मग शरीरात एकाच वेळी सगळीकडे संदेश अडकून राहतो. डोळ्याच्या बाहुल्या बारीक होतात, डोळ्यांतून पाणी, तोंडातून लाळ, दरदरून घाम, उलट्या, जुलाब, नाडी मंद, छातीत पाणी सुटतं, स्नायू आधी थरथरतात मग पार लुळे पडतात. पेशंट आला की आधी कपडे काढून अंग साबणाने धुतात, मग ॲट्रोपिन, दर पाच मिनिटांनी छाती ऐकत डोस दुप्पट करत न्यायचा, छाती कोरडी वाजेपर्यंत. ॲट्रोपिन रिसेप्टर झाकतं, पण लुळ्या पडलेल्या स्नायूंचं त्याला काही करता येत नाही आणि एन्झाइमही सुटत नाही. एन्झाइम सोडवण्यासाठी प्रॅलिडॉक्झिम, सगळे पॅम म्हणतात. पण इथे घड्याळ उलटं चालत असतं, चिकटलेलं विष काही वेळाने असं पक्कं होतं की पॅमलाही ते निघत नाही. मोनोक्रोटोफॉससारख्या औषधांत अडवलेल्या एन्झाइमपैकी निम्मं साधारण चारेक तासांतच असं कायमचं जातं. मुरबाडच्या आतल्या पाड्यावरून आधी गाडी मिळायला, मग तालुक्याला पोचायला, तिथून ठाण्याला पाठवायला किती वेळ जातो तो हिशोब ज्याने केलाय त्याला ही चार तासांची गोष्ट वेगळी समजावून सांगावी लागत नाही.

पॅमबद्दल आपल्याकडचंच एक महत्त्वाचं काम आहे. बारामतीच्या डॉक्टरांनी २०० पेशंटवर अभ्यास केला, थोड्या थोड्या वेळाने इंजेक्शन देण्याऐवजी पॅम सलाइनमधून सलग अठ्ठेचाळीस तास दिलं, आणि त्या गटात मृत्यू कमी झाले. २००६ मध्ये ते लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. पुढे २००९ मध्ये श्रीलंकेतल्या अभ्यासात पॅमचा फायदा दिसला नाही, त्यामुळे वाद अजून मिटलेला नाही. पण बारामतीसारख्या ठिकाणी डॉक्टरांनी शेतकऱ्यांच्या रोजच्या आजाराचा इतक्या काटेकोरपणे अभ्यास केला याचा मला मनापासून अभिमान वाटतो.

२०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विष अंगात जाऊन वीसहून जास्त शेतकरी-शेतमजूर गेले. त्या वर्षी कपाशी माणसाच्या उंचीएवढी झालेली, त्यामुळे फवारा थेट तोंडावर यायचा, आणि कित्येकांनी दोन-तीन औषधं एकत्र करून मारलेली. २०१३ मध्ये बिहारच्या सारण जिल्ह्यात शाळेतल्या जेवणात मोनोक्रोटोफॉस गेलं आणि २३ मुलं गेली. भाज्यांवर मोनोक्रोटोफॉस मारायला तर २००५ पासूनच बंदी होती. अशा बातम्या आल्या की आठवडाभर चर्चा होते, मग आपण भाजी मिठाच्या पाण्यात किती वेळ ठेवायची एवढ्यावर येऊन थांबतो.

माझा मामेभाऊ मुरबाडला भेंडी लावतो. गेल्या हिवाळ्यात गेले होते तर शेताच्या कडेला औषधाच्या बाटल्या पडलेल्या, पिवळा त्रिकोण असलेल्या. बाटलीवरच्या त्रिकोणाचा रंग म्हणजे विषारीपणा, लाल सगळ्यात जहाल, मग पिवळा, निळा, हिरवा. त्याच्याकडे काम करणाऱ्या माणसाला विचारलं तर त्याला वाटत होतं तो कंपनीचा रंग आहे. माहितीचा कागद बाटलीसोबत होता, पण त्यातलं मराठी इतकं बारीक की मला चष्मा लावूनही वाचायला त्रास झाला. पाठीवर पंप, पंपाचं झाकण गळतंय, शर्ट पाठीला चिकटलेला, पायात काही नाही. दादाला म्हटलं, अरे निदान हातमोजे? तो म्हणाला, "अगं ताई, उन्हात मोज्यात हात शिजतो. वाऱ्याची दिशा बघून मारलं की काय नाय होत. थोडं डोकं दुखतं संध्याकाळी, तेवढं चालायचंच."

ते संध्याकाळचं डोकं दुखणंच मला खातंय. कारण अडवलेलं एन्झाइम लगेच परत येत नाही. लाल रक्तपेशींवरही ॲसिटाइलकोलिनेस्टरेज असतं, आणि लाल पेशीला नवीन एन्झाइम बनवता येत नाही, त्यामुळे जुन्या पेशी जाऊन नव्या येतील तसतसंच ते भरून निघतं, दिवसाला जेमतेम एक टक्का. म्हणजे आज पंधरा टक्के गेलं, आठवड्याने पुन्हा फवारणी, पुन्हा पंधरा, असं करत करत हंगामाच्या शेवटी माणूस काठावर येऊन उभा असतो, आणि नेहमीएवढीच फवारणी करताना एक दिवस कोसळतो. घरचे म्हणतात, रोज तर मारायचा, आजच कसं काय झालं.

बाबांच्या वेळी या एन्झाइमला गोळीने नुसता हात लावायचा तर आधी ईसीजी, मग कमी डोस, मग नाडी, मग डोस वाढवायचा, स्वप्नं पडली तर वेळ बदलायची. हे सगळं व्हायलाच हवं होतं आणि झालं. आणि शेतात तेच एन्झाइम कसलाही हिशोब न ठेवता अडवलं जातंय तिथे कुणी बोटभर रक्तसुद्धा घेत नाही. बाबांचं एन्झाइम आणि त्या पंपवाल्याचं एन्झाइम यात रेणूचासुद्धा फरक नाहीये. फरक एवढाच की एकाला आपण पेशंट मानलं आणि दुसऱ्याला मजूर. मला हे सहन होत नाही.

आणि करता येतं. कॅलिफोर्नियात १९७४ पासून नियम आहे, जे कामगार ही औषधं नियमित हाताळतात त्यांचं हंगामाआधी रक्त तपासून स्वतःचा मूळ आकडा नोंदवायचा, मग मधूनमधून तपासायचं. रक्तपेशीतलं एन्झाइम मूळ आकड्याच्या ७० टक्क्यांवर उतरलं की त्या माणसाला फवारणीवरून काढून दुसरं काम द्यायचं, ८० टक्क्यांवर परत आलं की मगच पुन्हा. मूळ आकडा का, तर माणसामाणसात हे प्रमाण खूप वेगळं असतं. माझं सात हजार नॉर्मल असेल, तुमचं अकरा हजार. अकराचं सहा झालं तर रिपोर्टवर ते 'नॉर्मल'च दिसणार आणि आतून जवळजवळ निम्मं गेलेलं असणार. शिवाय आम्ही करतो ती सीरमची टेस्ट लिव्हरमध्ये बनणाऱ्या भावंड-एन्झाइमची असते, लिव्हरचा आजार असला तरी ती खाली येते, बाळंतपणाच्या काळातही येते. म्हणून एकट्या आकड्यावर जायचं नाही, त्याच माणसाच्या आधीच्या आकड्याशी जुळवून बघायचं. एवढी साधी टेस्ट, तालुक्याच्या लॅबमध्येही जमण्यासारखी.

दादाच्या मजुरांचं रक्त तपासायचं म्हणून लॅबच्या सरांशी बोलले, ते तयार झाले, टेस्ट आमच्या लॅबकडून. दादाशी फोनवर बरीच हुज्जत झाली, त्याला वाटत होतं रक्तात काही निघालं तर मजूर कामावर यायचे नाहीत. शेवटी वहिनीने त्याच्या हातातून फोन घेतला आणि म्हणाली, ताई तुम्ही या, मी बसवते सगळ्यांना. तर या वेळी भात निघाला की पहिल्या फवारणीच्या आधी जाऊन सगळ्यांचं रक्त घेणार, प्रत्येकाचा आकडा वहीत, आणि महिन्याने पुन्हा. वहिनीने नावं विचारायला सुरुवात केली तेव्हा दोन बायका म्हणाल्या, आम्ही काय पंप मारत नाही, आम्ही फक्त पाणी आणतो आणि बादलीत औषध कालवतो, आमचं कशाला? वहिनीने मला विचारलं. मी म्हटलं, त्यांचं सगळ्यात आधी घे. पंपात जातं ते पाणी घालून पातळ केलेलं असतं, बाटली उघडून ओतणाऱ्याच्या हातावर पडतं ते तसंच्या तसं घट्ट, आणि त्या तर हातानेच ढवळतात.